तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : मोठ्या देशाशी व्यापाराची बोलणी

व्यापार करारांवर इंदूर, देवास, धार आणि पीथमपूरहून पत्रे आली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

छावणी मंडीत आमची अडत आहे. सोयाबीन हमीभावाखाली विकले जाते आणि तिकडे बाहेरचे तेल येतच राहते. सरकार पामतेलावर ३०० टक्के शुल्क लावू शकते असे वाचले. मग सोयातेलावर का नाही?
– एक अडत्ये, इंदूर

सोयातेलाची कमाल मर्यादा ४५ टक्के आहे आणि ती आपणच लिहून दिलेली आहे. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली. तिच्याकडे प्रत्येक सदस्य देशाची एक यादी जमा असते, आणि त्या यादीत मालागणिक ‘याहून जास्त शुल्क घेणार नाही’ असा आकडा असतो. हा बांधील दर. बंदरावर प्रत्यक्ष वसूल होतो तो लागू दर, आणि तो बांधील दराच्या कितीही खाली असू शकतो. भारताच्या यादीत पामतेल ३०० वर, मोहरीचे तेल ७५ वर आणि सोयातेल ४५ वर बांधलेले आहे.

आता प्रत्यक्षातले आकडे. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयातेलावर मूळ शुल्क २० टक्के झाले. त्यात कृषी पायाभूत उपकर ५, आणि या दोन्हींच्या बेरजेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २.५. एकूण २७.५. पुढे ३० मे २०२५ ला मूळ शुल्क १० वर आणले, तेव्हा १० + ५ + १.५ अशी बेरीज १६.५ झाली. म्हणजे छताला हात लागायला अजून २८.५ टक्के बाकी होते. तेवढे वाढवायला जिनिव्हाची, म्हणजे तिथे मुख्यालय असलेल्या जागतिक व्यापार संघटनेची, आडकाठी नव्हती. अडले ते दिल्लीतच, तेलाच्या डब्याचा भाव चढला की ओरड होते म्हणून.

तरीही ४५ चा आकडा नडतो, आणि गंमत अशी की तो नडतो पामतेलात. समजा सरकारने पामवर १०० टक्के लावले. सोयातेल ४५ च्या वर जाऊ शकत नाही. मग आयातदार पाम सोडून अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल उचलतो, आणि माळव्यातल्या सॉल्व्हंट प्लांटसमोर (सोयाबीनमधून तेल काढणाऱ्या कारखान्यांसमोर) थेट स्पर्धा उभी राहते. म्हणून सगळ्या तेलांचे शुल्क सोयातेलाच्या छताखालीच घुटमळते. पामचे ३०० कागदावर शोभेला आहेत.

हे छत वाढवता येते का? येते, पण फुकट नाही. गॅट, म्हणजे संघटनेच्या आधीपासूनचा शुल्क आणि व्यापाराचा करार. त्याचे कलम २८ त्यासाठीच आहे. आधी सूचना द्यायची, मग ज्या देशाला ती सवलत मुळात दिली होती आणि जो मुख्य पुरवठादार आहे त्यांच्याशी बोलायचे, आणि बदल्यात दुसरीकडे तेवढ्याच मोलाची सवलत द्यायची. नाही पटले तर ते तेवढ्याच किमतीच्या आपल्या मालावर शुल्क चढवू शकतात.

भारताने हे केलेले आहे. दुधाची भुकटी जुन्या गॅटकाळात शून्यावर बांधून बसलो होतो. आयातीवर परवाना आणि मात्रेचे निर्बंध होते तोवर ते शून्य कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. पुढे अमेरिकेने याच निर्बंधांविरुद्धचा खटला जिंकला, १ एप्रिल २००१ पर्यंत ते सगळे उठवावे लागणार हे ठरले, आणि उघड्या शून्याची धास्ती बसली. डिसेंबर १९९९ मध्ये बोलणी करून भुकटीचा दर ६० टक्क्यांवर बांधून घेतला. मोबदला म्हणून काय दिले? भुकटीचे १०,००० टन १५ टक्के शुल्काने, मक्याचे ५ लाख टन १५ टक्क्यांनी, आणि सूर्यफूल व मोहरीच्या तेलाचे दीड-दीड लाख टनांचे कोटे, म्हणजे तेवढा माल कमी शुल्काने. दुधाचे कुंपण बांधायला मका आणि तेलातून मोजले गेले. ज्यांच्या मालातून मोजले त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले होते असे दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात मुक्त व्यापाराची तत्त्वे शिकवतात, पण वाटाघाटीच्या टेबलावर नेमके काय असते ते कुठे मिळत नाही. क्रमाने सांगाल का?
– एम. ए. ची विद्यार्थिनी, देवी अहिल्या विश्वविद्यालय

टेबलावर मुख्यतः एक लांबलचक तक्ता असतो. भारताच्या शुल्क-यादीत आठ अंकी सुमारे बारा हजार ओळी आहेत. कच्च्या सोयातेलाची ओळ १५०७१०००, सोललेल्या बदामाची ०८०२१२००. करारात प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी भरायच्या: पायादर, वर्ग आणि टीप. पायादर म्हणजे कपात कुठून मोजायची तो आकडा. वर्ग म्हणजे करार लागू होताच शून्य, पाच वर्षांत शून्य, दहा वर्षांत शून्य, की वगळलेले. टिपेत कोट्यासारख्या अटी.

त्याआधी दोन्ही बाजूंचा संयुक्त अभ्यास आणि कोणत्या विषयांवर बोलायचे याचा मसुदा होतो. भारताकडून वाणिज्य विभागाचा अधिकारी मुख्य वाटाघाटीकार असतो, आणि कृषी, वस्त्रोद्योग, अवजड उद्योग, औषधे अशा खात्यांकडून त्याच्याकडे याद्या येतात. मग मागणी-याद्यांची अदलाबदल आणि त्यावर देकार. हे फेऱ्यांमागून फेऱ्या चालते. सगळे जमले की वकील शब्द न् शब्द तपासतात, सही होते, आणि शेवटी कस्टमची अधिसूचना निघते. तोवर बंदरावर एक पैसा बदलत नाही. आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही, मंत्रिमंडळाची पुरते.

खरी रस्सीखेच वगळलेल्या ओळींवर असते. गॅटच्या कलम २४ प्रमाणे मुक्त व्यापार करारात ‘जवळजवळ सगळा व्यापार’ यायला हवा. किती टक्के, ते कलमात लिहिलेले नाही. व्यवहारात ९० टक्क्यांच्या आसपास धरतात. उरलेल्या दहात दूध, गहू, तांदूळ, मोटारी सगळ्यांना बसायचे असते. इथे एक चलाखी लक्षात ठेवा: ९० टक्के ओळींचे मोजायचे की व्यापाराच्या किमतीचे? ज्या ओळींतून काहीच येत-जात नाही अशा हजार ओळी शून्य केल्या तर आकडा फुगतो, पदरात मात्र काही पडत नाही. मोठा देश किमतीच्या हिशेबाचा आग्रह धरतो, कारण त्याला काय विकायचे ते पक्के ठाऊक असते.

पायादराचीही तीच गोष्ट. बोलणी सुरू होण्याआधी शुल्क वाढवून ठेवायचे आणि मग ‘कपात’ द्यायची हा जुना डाव आहे, म्हणून समोरचा आधीच्या एखाद्या वर्षाचा दर पायादर धरायला लावतो.

अमेरिकेशी बोलताना आणखी एक अडचण येते. तिथल्या सरकारला करार जसाच्या तसा संमत करून घेण्याची मुभा देणारा कायदा जुलै २०२१ मध्ये संपला. तेव्हापासून त्यांचा वाटाघाटीकार ‘काँग्रेस (तिथली संसद) मानणार नाही’ म्हणून शेवटच्या क्षणी आणखी मागू शकतो. आपल्यालाही तसे म्हणता येते, कारण शेती हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय आहे. पण आपण ते बरेचदा उशिरा म्हणतो.

जाता जाता उद्योजक वाचकांसाठी: खात्याला ‘आमचा धंदा वाचवा’ असे पत्र पाठवून काही होत नाही. आठ अंकी कोड, सध्याचे शुल्क, तीन वर्षांची देशवार आयात आणि तिचा सरासरी भाव (वाणिज्य विभागाच्या संकेतस्थळावर आयात-निर्यातीची आकडेवारी आहे), तुमचा उत्पादनखर्च, आणि नेमकी मागणी: वगळा, दहा वर्षे द्या, की कोटा ठेवा. हे सगळे एका पानात बसते. मागणी-याद्या भरण्याआधी ते पोचले पाहिजे, कारण एकदा दिलेला देकार मागे घेणे फार महाग पडते.

आमचे सियागंजमध्ये सुक्या मेव्याचे दुकान आहे. २०१९ मध्ये अमेरिकेला धडा शिकवायचा म्हणून बदामावर जादा शुल्क लावले. ते आमच्या गिऱ्हाइकाने भरले. यात शहाणपण कोणते?
– एक व्यापारी, इंदूर

शुल्क गिऱ्हाइकानेच भरले, हे खरे. सोललेल्या बदामावर किलोमागे १०० रुपये होते त्याचे १२० झाले, सालीसकट बदामावर ३५ च्या वर आणखी ७.

पार्श्वभूमी अशी. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. भारताने त्याच वर्षी प्रत्युत्तराची यादी कळवली आणि वेळोवेळी पुढे ढकलली. ५ जून २०१९ ला अमेरिकेने विकसनशील देशांसाठीच्या विनाशुल्क योजनेतून भारताला काढले. मग १६ जूनला २८ वस्तूंवरचे जादा शुल्क लागू झाले.

यादीत बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर का? मोठ्या देशाचे एकूण नुकसान करणे लहान बाजारपेठेच्या हाती नसते. त्याच्यातल्या थोड्याच पण आवाज असलेल्या लोकांना चिमटा काढणे हाती असते. कॅलिफोर्नियाच्या बदामवाल्यांचे आणि वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदवाल्यांचे आपण फार मोठे गिऱ्हाईक. ते तिथल्या खासदारांकडे गेले, आणि जात राहिले. जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी सहा वाद मिटवले आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये आपण हे जादा शुल्क काढले. चार वर्षे लागली.

माल निवडताना पाहायचे ते इतकेच की आपल्याला तो दुसरीकडून मिळतो का. बदाम ऑस्ट्रेलियातूनही येतात, आणि डिसेंबर २०२२ पासून तिथल्या ३४,००० टनांना निम्मे शुल्क आहे. यंत्राचे सुटे भाग किंवा औषधांचा कच्चा माल यादीत घातला असता तर मार आपल्याच कारखान्यांना बसला असता.

याहून धारदार हत्यार ब्राझीलने वापरले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध त्यांनी २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. २००९ मध्ये सुमारे ८२.९ कोटी डॉलरच्या प्रत्युत्तराला परवानगी मिळाली, तीही नुसत्या मालावर नव्हे: एका मर्यादेपलीकडे पेटंट आणि कॉपीराइटवरही. औषध आणि चित्रपट कंपन्या जाग्या झाल्या. २०१० मध्ये अमेरिकेने वर्षाला १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूसवाल्यांना द्यायचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याचे अनुदान चालू राहावे म्हणून काही काळ परक्या शेतकऱ्यालाही पैसे मोजले.

पण हे ब्राझीलला जमले. कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात २००७ मध्ये अशीच परवानगी मिळाली होती, वर्षाला २.१ कोटी डॉलरची. एवढ्याशा देशाच्या धमकीने वॉशिंग्टनमध्ये कोणाची झोप उडाली नाही. आणि डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळच बंद पडले आहे. हरलेला देश अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो.

मग फार लहान देश काय करतात?
– निवृत्त शिक्षक, रामबाग

गट करतात. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कॅनकूनला, जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत, ब्राझील, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यांनी शेती अनुदानावर वीसेक देशांची मोट बांधली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी कापसाचा एकच प्रश्न घेऊन वेगळी चौकडी केली. वकिलाच्या खर्चासाठी जिनिव्हात २००१ पासून एक सल्ला केंद्र आहे. तिथे गरीब देशांना स्वस्तात कायदेशीर मदत मिळते.

पण गट फुटतो कसा हे पाहण्यासारखे आहे. पूर्व आफ्रिकी समुदाय युरोपीय संघाशी एकत्र बोलत होता. सही १ ऑक्टोबर २०१४ च्या आत व्हायची होती. टांझानिया, युगांडा, रवांडा हे अतिमागास देश. करार न झाला तरी युरोपात त्यांचा माल विनाशुल्क जाणारच होता, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. केनिया मात्र त्या वर्गात बसत नाही. मुदत टळली आणि दुसऱ्या दिवसापासून केनियाच्या गुलाबांना शुल्क लागले. ते डिसेंबरच्या शेवटी उठले. फुले गोदामात ठेवून वाट पाहता येत नाही. अखेर केनियाने एकट्याने करार केला आणि तो १ जुलै २०२४ ला लागू झाला. बोलणी मोडली तर कोणाचे किती बुडते हे एकाच गटात वेगवेगळे असले, की समोरच्याला फक्त थांबायचे असते.

रवांडाने वेगळे केले. जुन्या कपड्यांवरचे शुल्क त्यांनी २०१६ मध्ये किलोला २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेले, स्वतःचा कापडधंदा उभा राहावा म्हणून. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. तसेच करू पाहणाऱ्या केनियाने माघार घेतली, रवांडा हटला नाही, आणि ३० जुलै २०१८ ला त्याच्या तयार कपड्यांची अमेरिकेतली विनाशुल्क सवलत निलंबित झाली. रवांडाची तिकडची कपड्यांची निर्यात थोडी होती, म्हणून हे परवडले. एकतर्फी सवलत देणारा ती एका पत्राने काढून घेऊ शकतो. भारताने २०१९ मध्ये तेच अनुभवले.

आसियान देशांशी करार असूनही आमच्या गिअरबॉक्सला इंडोनेशियात पूर्ण शुल्क लागले. चूक कुठे झाली?
– लघुउद्योजक, पीथमपूर

बहुधा मूळ देशाच्या नियमात, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणाऱ्या नियमात. १ जानेवारी २०१० पासूनच्या या करारात सर्वसाधारण नियमाच्या दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) ३५ टक्के मूल्य भारताचे किंवा करारातल्या देशांचे हवे, आणि बाहेरच्या प्रत्येक भागाचा सहा अंकी कोड तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा.

समजा एफओबी किंमत १,००० रुपये. कोरियाचे मिश्र पोलाद (७२२८) ४२०, चीनचे बेअरिंग (८४८२) २६०. बाहेरचे ६८०, आपले ३२ टक्के. नापास. त्यातले ६० रुपयांचे बेअरिंग थायलंडहून तिथल्या मूळ-प्रमाणपत्रासह घेतले तर बाहेरचे ६२० आणि मूल्य ३८ टक्के. पास, कारण करारातल्या देशाचा भाग आपल्याच खात्यात धरतात. मात्र ते प्रमाणपत्र बेअरिंगसोबत मागून घ्या. नंतर मिळवणे कठीण जाते.

दुसरी अट जास्त फसवी आहे. वाहनाचा गिअरबॉक्स आणि त्याचेच सुटे भाग दोन्ही ८७०८४० मध्ये येतात. चीनहून तयार गिअर आणून इथे जुळणी केली, तर मूल्य ५० टक्के निघाले तरी कोड बदलत नाही आणि सवलत जाते. गिअर इथेच कापले तरच भागते. शिवाय प्रमाणपत्रावरचा कोड आणि इंडोनेशियातल्या आयातदाराने भरलेला कोड एकच आहे ना, हे माल निघण्याआधी मेलवर विचारून घ्या. बरीच प्रमाणपत्रे इथेच अडतात.

आम्ही मका आणि सोयाबीन दोन्ही घेतो. अमेरिकेचा जनुकबदल केलेला माल ‘थोडासाच’ येणार म्हणतात. थोडासा म्हणजे किती?
– शेतकरी, धार जिल्हा

थोडे की फार हे कोटा कसा राबवतात त्यावर ठरते. १९९४ च्या उत्तर अमेरिकी करारात मेक्सिकोने मक्यासाठी चांगली तटबंदी लिहून घेतली होती: २५ लाख टन विनाशुल्क, दरवर्षी ३ टक्के वाढ, त्यापुढे २१५ टक्के शुल्क, ते पंधरा वर्षांत शून्य. पण कोट्याबाहेरच्या मक्यावर ते शुल्क सरकारने वसूलच केले नाही. पशुखाद्य आणि पिठाच्या गिरण्यांना स्वस्त मका हवा होता. पंधरा वर्षांचे संरक्षण कागदावरच राहिले.

म्हणून करारात कोटा दिसला तर चार गोष्टी पाहा. परवाने कोणाला, व्यापाऱ्याला की प्रत्यक्ष वापरणाऱ्याला? माल वर्षात केव्हा उतरणार? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तुमची आवक मंडीत असताना उतरला तर थोडाही पुरे होतो. न वापरलेला कोटा पुढच्या वर्षी जमा होतो का? आणि आयात अमुक टनांवर गेली की शुल्क आपोआप चढेल, अशी कळ आहे का?

जनुकबदल केलेल्या सोयाबीनचे तेल आपण आजही आणतो, दाणा आणत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन डीओसीला (तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीला) परवानगी दिली होती, भाव फार चढले म्हणून. डीओसीत उगवणारा दाणा नसतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. माळव्याची डीओसी परदेशात विकली जाते ती बरीचशी ‘जनुकबदल नसलेली’ या ओळखीवर. दाणा आत आला की तो वाहतुकीत, गोदामात, मंडीच्या ओट्यावर मिसळतो, आणि निर्यातीच्या प्रत्येक खेपेला चाचणीचा खर्च आणि नाकारली जाण्याची भीती चिकटते. डीओसीची परवानगी आणि दाण्याची परवानगी एकाच तराजूत तोलू नका.

अमेरिकेत आमच्या मालावर आत्ता नेमके किती शुल्क आहे?
– निर्यातदार, सांवेर रोड

छापत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत आकडा जुना झालेला असेल. त्याऐवजी तुमच्या सौद्यातल्या दोन ओळी तपासा.

पहिली, सौदा एफओबी आहे की डीडीपी (शुल्क भरून माल पोचवण्याचा)? डीडीपी असेल तर तिथले शुल्क तुमच्या खिशातून जाते, माल समुद्रात असताना वाढले तरी. दुसरी, वाढ कोणत्या तारखेला मोजायची? २७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावरचे जादा शुल्क एकूण ५० टक्के झाले, तेव्हा त्याआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे दाखल झालेला माल नव्या वाढीतून सुटला होता. न्हावा शेवाच्या यार्डात कंटेनर उभा असणे म्हणजे जहाजावर चढणे नव्हे. बिल ऑफ लेडिंगवरची (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवरची) ‘जहाजावर चढल्याची’ तारीख धरतात. इंदूरहून ट्रक निघाल्याची तारीख दाखवून काही उपयोग होत नाही.